नेमणाऱ्याचे उत्तरदायित्व

एखादा पोलीस अधिकारी अन्यायाने वागला म्हणजे समाज त्याची निंदा करतो, शासन त्यास निलंबित करते आणि प्रकरण मिटले असे सर्वांस वाटते. परंतु ज्याने त्याच्या हाती दंड दिला, त्याच्याकडे दोषाचा किती अंश जातो, हे क्वचितच विचारले जाते. आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न टाळलेला नाही. प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजास तिच्या पुण्याचा षष्ठांश लाभतो, आणि रक्षण न करणारा तिच्या पापाच्याही षष्ठांशाचा वाटेकरी होतो, असे मनुस्मृती मानते.

घाशीराम सावळदास १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला, तो नाना फडणविसांच्या विश्वासामुळे. त्याच्या जुलमाची गाऱ्हाणी होतच होती. १७९१ साली श्रावणातील दक्षिणेसाठी आलेल्या तेलंग ब्राह्मणांस त्याने कोंडून ठेवविले आणि त्यांतील अनेक गुदमरून मेले. लोक खवळले, घाशीराम त्यांच्या हवाली झाला आणि दगडांनी ठेचला गेला. संताप शमला खरा. पण त्यास चौदा वर्षे त्या पदावर कोणी व का राहू दिले, याचा झाडा त्या दगडांनी घेतला नाही.

आपल्या काळाचे उदाहरण मुंबईचे आहे. ख्वाजा युनूस याच्या कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात सचिन वाझे हे अधिकारी २००४ साली निलंबित झाले होते. जून २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, त्यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले. १३ मार्च २०२१ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली. चारच दिवसांनी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांची बदली झाली. त्यांनी पत्र लिहून गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर आरोप केले. देशमुखांनी ते नाकारले आणि ५ एप्रिल रोजी राजीनामा दिला. आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय होय. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. सोळा वर्षे निलंबित असलेल्या अधिकाऱ्यास परत घेणे योग्य का वाटले, याचे उत्तर अटकेनंतर नव्हे, नेमणुकीच्या दिवशीच जनतेस मिळावयास हवे होते.

यावर कोणी म्हणेल की, मनुष्याच्या अंतरंगाचा ठाव कोणास लागतो? नेमलेला पुढे बिघडला, तर नेमणाऱ्याने काय करावे? हा आक्षेप रास्त आहे. जे कळणे शक्यच नव्हते, त्याचा दोष कोणावर येत नाही. तथापि जे ठाऊक होते ते दृष्टीआड करणे, गाऱ्हाणी ऐकूनही स्वस्थ बसणे आणि उपयोगी पडतो म्हणून माणूस राखणे, हे अज्ञान नव्हे. ही निवड होय, आणि निवडीचे फळ निवडणाऱ्यास चुकत नाही.

माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखून निर्देश दिले: महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांची मुदत असावी, आणि बदल्यांसाठी ज्येष्ठ अधिकाऱ्यांचे आस्थापना मंडळ असावे. हेतू असा की, प्रामाणिक अधिकाऱ्यास बदलीचा धाक नसावा आणि लाचारास बढतीचा लोभ नसावा. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा सुधारला. परंतु लोकहितार्थ मुदतीपूर्वी बदली करण्याची वाट त्यात मोकळी ठेवली. अपवादाची दारे सत्तेस नेहमीच रुंद वाटतात.

गोडादऱ्यातील वाचकास हा विषय परका वाटू नये. १ मे १९६० पर्यंत सुरत मुंबई राज्यातच होती, आणि १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम दोन्ही राज्यांस वारशाने मिळाला. शिवाय ठाण्यात 'आपला माणूस' असावा, ही इच्छा केवळ मंत्र्यांची नसते. मिरवणुकीच्या परवान्यासाठी, भाऊबंदकीच्या तंट्यासाठी आपणही ओळख शोधतो, आणि नियमाने चालणाऱ्या अधिकाऱ्यास ताठर म्हणतो. देवस्थानच्या भांडाराची किल्ली कोणाकडे द्यावी, याचा आपले विश्वस्त दहादा विचार करतात. ज्याच्या हाती माणसाचे स्वातंत्र्य सोपवावयाचे, त्याच्याविषयी मात्र तो आपल्या कामाचा आहे एवढेच आपण पाहतो. मग त्या षष्ठांशातील काही वाटा आपल्याही पदरी येतो, हे मान्य केले पाहिजे.