भिंत मालकाची, गाडी भाडेकरूची

ब्रिटनमध्ये घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायला सरकार अनुदान देतं. 1 एप्रिल 2022 पासून त्यातून स्वतंत्र घरांत राहणारे मालक वगळले गेले आणि ते भाडेकरू व फ्लॅटधारकांसाठी राहिलं: तेव्हा खर्चाच्या 75 टक्के किंवा 350 पौंड, यांतली कमी असेल ती रक्कम. हा निर्णय मला न्याय्य वाटतो. ज्याच्या दारात स्वतःचं अंगण आहे, त्याची सोय कशीही होते. ज्याला ती नाही, तो रस्त्यावरच्या चार्जरवर घरच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतो. त्यावर करही जास्त. घरच्या विजेवर 5 टक्के व्हॅट आणि सार्वजनिक चार्जिंगवर 20 टक्के, असा भेद तिथे वर्षानुवर्षं चालत आला. म्हणजे अंगण नसल्याचा भुर्दंड दोनदा.

पण या अनुदानासाठी घरमालकाची परवानगी लागते, आणि खरी गाठ तिथेच आहे. इंग्लंडमध्ये कलम 21 खाली घरमालक कारण न देता भाडेकरूला घर सोडायला लावू शकत असे. डोक्यावर अशी नोटीस लटकत असताना भिंतीला भोक पाडू द्या म्हणायला कोण जाईल? 2025 च्या भाडेकरू हक्क कायद्याने हे कलम 1 मे 2026 पासून रद्द ठरवलं. चार्जरचा त्या कायद्यात मुख्य विचार नसेल, तरी भाडेकरूच्या दृष्टीने या बदलाचं मोल 350 पौंडांहून मोठं आहे. मदत घ्यायला आधी निर्भयपणा लागतो.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत 11 महिन्यांचा करार असतो. खिळासुद्धा विचारल्याशिवाय ठोकायचा नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं जातं. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली. पण मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल न्यायची तर सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूला मत नाही. वर्षभराने घर सोडताना केबल, पाईप, मजुरी सगळं मागे राहतं. त्या सोयीवर मालक पुढच्या भाडेकरूकडून जास्त भाडं घेतो, आणि खर्च मात्र निघून गेलेल्याने केलेला असतो. हे मला पटत नाही.

आपल्याकडे अनुदान आलंच, तर भिंतीत राहणाऱ्या वायरिंगसाठी ते मालकाने मागावं. ब्रिटनमध्ये घरमालकांसाठी तशी वेगळी योजना आहेच. काढून नेता येणारा चार्जर भाडेकरूने स्वतःच्या पैशाने घ्यावा. तोवर निदान करारात एक कलम हवं: भाडेकरूने वायरिंगचा खर्च केला असेल, तर घर सोडताना उरलेल्या आयुष्याच्या हिशेबाने त्याला पैसे परत मिळतील. आणि सोसायटीकडे ना-हरकतीचा अर्ज मालकाने स्वतःच्या सहीने करावा, सभेलाही स्वतः जावं. तिथे मत त्याचंच आहे.