भंगार, रिकामे आणि थोडेसेच



जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी आवाराची साफसफाई होते. जुन्या ट्यूबलाइट, बंद पडलेले संगणक, प्रयोगशाळेतील लेबल निघालेल्या बाटल्या, फुटका थर्मामीटर, रंगाचे डबे, शौचालय धुण्याच्या ॲसिडचे कॅन असे पुष्कळ काही बाहेर निघते. काही भंगारवाल्याकडे जाते, काही घंटागाडीत पडते आणि उरलेले मागच्या खड्ड्यात जाळले जाते. हे शिपायाचे काम, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु या कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. वस्तू आपल्याला नकोशी झाली, म्हणजे तिच्याविषयीची आपली जबाबदारी संपते का?

घातक कशाला म्हणावे, याची विज्ञानाने चार कसोट्यांत विभागणी केली आहे. वस्तू सहज पेट घेते का? कातडी किंवा धातू खाते का? पाण्याशी वा दुसऱ्या पदार्थाशी मिळताच भडकते का? ती विषारी आहे का? सोडियम रॉकेलमध्ये निमूट पडून असतो, पाण्यात पडला की पेटतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर फळीवर शेजारी उभी असतात, एकत्र झाली की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. अखंड ट्यूबलाइट निरुपद्रवी असते, फुटली की तिच्यातील पारा हवेत येतो. याचा अर्थ, धोका केवळ वस्तूत नसतो. ती कशाला भेटते आणि कोणाच्या हाती पडते, यावरही तो ठरतो. म्हणूनच वर्गीकरण करणाऱ्याने 'हे काय आहे?' एवढेच विचारून भागत नाही. 'हे यानंतर कोण उघडणार आहे?' हेही विचारले पाहिजे.

आपण मात्र हा दुसरा प्रश्न टाळतो. त्यासाठी आपल्याकडे तीन सोयीचे शब्द आहेत.

पहिला शब्द 'भंगार'. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले एक यंत्र 1985 पासून वापराविना पडून होते. 2010 साली ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. कामगारांनी ते तोडले. एक कामगार मरण पावला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. इतक्या वर्षांत त्यातील बहुतेक किरणोत्सर्ग ओसरला होता, पण उरलेलाही जीव घेण्यास पुरेसा ठरला. ज्ञान विद्यापीठात होते, धोका मात्र ज्याला त्याची कल्पनाही नव्हती अशा माणसाच्या हाती गेला. दोहोंमधला दुवा होता एक चुकीचा शब्द.

दुसरा शब्द 'रिकामे'. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधील गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत माध्यान्ह भोजन घेतल्यावर 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेले असावे, असे अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले. आपल्या भागात ऊस, द्राक्षे, डाळिंबे आहेत, म्हणजे औषधांचे डबेही आहेत. असा डबा पाणी भरायला किंवा झाडांना घालायला शाळेत येणे अवघड नाही. डोळ्यांना जो डबा रिकामा दिसतो, तो रिकामा असतोच असे नाही.

तिसरा शब्द 'थोडेसेच'. एका थर्मामीटरने काय होणार, एका बाटलीने काय बिघडणार? पण प्रत्येक शाळेने, प्रत्येक घराने 'थोडेसेच' टाकले, तर कऱ्हेच्या पात्रात आणि पुढे नीरेच्या पाण्यात जे जमा होते ते थोडे राहत नाही. शिवाय ज्या मावशींच्या बोटात काच रुतते, त्यांच्यासाठी ती एकच काच पुरेशी असते.

येथे कोणी रास्त शंका काढील. 2016 च्या घनकचरा नियमांनी ट्यूबलाइट, बॅटऱ्या, सुया, मुदत संपलेली औषधे, कीटकनाशकांचे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे ठेवायला सांगितले. पण शाळेने वेगळे केलेले पुढे गाडीत एकत्रच होत असेल, तर हा खटाटोप कशासाठी? कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला प्रकल्प आहे, पण प्रयोगशाळेतल्या चार बाटल्या तिथे कोण नेणार?

शंका खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. दुसऱ्याने कर्तव्य मोडले म्हणून माझे कर्तव्य रद्द होत नाही. आणि वेगळे करण्याचे पहिले फळ शाळेच्या आवारातच मिळते, कारण झाडणाऱ्याचा हात वाचतो. जे सुरक्षितपणे पुढे देता येत नाही, ते टाकण्यापेक्षा नाव लिहून कुलपात ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. ओळखीचे विष सांभाळता येते. नाव हरवलेल्या बाटलीपुढे मात्र रसायनशास्त्राचा शिक्षकही हतबल होतो. म्हणून लेबल हे न भेटलेल्या शेजाऱ्याला लिहिलेले पत्र आहे, असे मला वाटते.

आणखी एक विवेक हवा. मुलांनी वर्ग झाडावा, ओला-सुका कचरा वेगळा करावा. त्यातून श्रमाची प्रतिष्ठा शिकता येते. पण सांडलेला पारा, ॲसिड, फुटलेल्या नळ्या मुलांच्या हाती देऊ नयेत. मुलांनी धोका ओळखायला शिकावे, हाताळायला नव्हे. मग तो शिपायाने किंवा मावशींनी हातमोज्याशिवाय उचलावा का? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती आपण झाडू दिला, त्यांच्याच हाती विषही द्यायचे, ही व्यवस्था नव्हे, अन्याय आहे. गरिबाने नकार दिला नाही, म्हणजे त्याने संमती दिली असे होत नाही.

आपल्यापैकी कोणी शिक्षक आहेत, कोणी पालक, कोणी साफसफाई करणारे. या आठवड्यात आपल्या मुलांच्या शाळेत एवढेच विचारावे: पाऱ्याऐवजी डिजिटल थर्मामीटर घेता येईल का? रसायने लागतील तेवढीच आणता येतील का? प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख आहे का? ट्यूबलाइट न फोडता कोणत्या खोक्यात ठेवतात? हातमोजे कोणाजवळ आहेत? आणि एखादी वस्तू टाकताना आपल्या तोंडी 'भंगार', 'रिकामे' किंवा 'थोडेसेच' हा शब्द आला, तर क्षणभर थांबून तिला पुढे हात लावणाऱ्या माणसाचा विचार करावा.