ओढ्याची वरची बाजू

सह्याद्रीतल्या वाड्यांवर ओढ्याचा एक अलिखित कायदा असतो. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरायचं, त्याच्या खाली धुणं धुवायचं आणि आणखी खाली गुरं पाण्यावर न्यायची. हा क्रम फलकावर लिहिलेला नसतो. पण घरात आलेल्या नव्या सुनेला तो सगळ्यात आधी सांगितला जातो.

मे महिना संपत आला की भंडारदऱ्याच्या आसपास, रतनवाडी-साम्रदच्या बाजूला, काजवे बघणाऱ्यांचे तंबू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. ज्यानं हे पाहिलं त्याला पुन्हा जावंसं वाटणारच, आणि जावंही. तंबू, नाचणीची भाकरी, वाटाड्याचं काम यांतून तिथल्या पोरांच्या हाती चार पैसे येतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण हा हंगाम कोणता, ते पाहा. पावसाळ्यात इथं धो धो कोसळतं आणि कातळावरून तितक्याच वेगानं वाहून जातं. प्रवरा नदीवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याचं पाणी खालच्या उसाला मिळालं. वरच्या कित्येक वाड्यांची मात्र उन्हाळ्यात धरण उशाला आणि कोरड घशाला अशी गत. मेअखेर ओढ्यात उरतात ते चार डोह आणि वाळूत उकरलेले झिरे. बाई झिऱ्याशी उकिडवी बसते, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधते आणि वाटीवाटीनं पाणी आत ओतते. तळ दिसला की थांबते. पाणी पुन्हा पाझरून वर येईपर्यंत नुसती बसून राहते.

पाणी सर्वांत कमी असतं तेव्हाच सर्वांत जास्त पाहुणे येतात. त्यांना एकांत हवा, म्हणून तंबू वाडीपासून दूर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. सकाळी तिथंच दात घासणं, तिथंच तेलकट पातेली विसळणं. डोहावर तवंग येतो, तो बघायला पाहुणा थांबत नाही. यात दुष्टपणा नसतो, हे मान्य. पण एका रात्रीचे पैसे मोजले म्हणजे पाणीही आपलं झालं, ही समजूत मला फार धोक्याची वाटते. पैसे तंबूचे दिलेले असतात.

‘निसर्गस्नेही’ साबणानंही सुटका होत नाही. तो मातीतल्या जिवाणूंमुळे विघटित होतो. ओढ्याच्या पाण्यात तो साबणच असतो. म्हणून भांडी आणि अंघोळ ओढ्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे ऐंशीएक पावलं दूर, आणि पाणी मातीवर ओतायचं. शौचालाही तितकंच लांब जायचं, वीतभर खड्डा करायचा आणि तो बुजवायचा. एवढ्यासाठी पाण्याची एक बादली उचलून न्यावी लागते. झिऱ्यावरची बाई रोज त्याहून जास्त वाहते.

यंदा काजवे बघायला निघालात तर तंबूवाल्याला आधी फोनवरच विचारा, वाडी पिण्याचं पाणी कुठून भरते? आणि आपला तंबू त्याच्या खालच्या अंगालाच लावायला सांगा.