मुक्या जिवाची शुश्रूषा आणि अहिंसा

मधुमेही मांजराला बहुधा दर 12 तासांनी इन्सुलिन द्यावे लागते. मुक्या जिवाला रोज सुई टोचणे ही हिंसा ठरते काय? याचे उत्तर शोधताना एक प्रसंग आठवतो. कालिदासाच्या नाटकात कण्वमुनींची मानसकन्या शकुंतला दर्भाने जखमी झालेल्या पाडसाच्या तोंडाला तेल लावते. म्हणजे अहिंसा इजा टाळण्यापाशी थांबत नाही, ती शुश्रूषाही मागते. उपचार चुकले तर मांजराचे मागचे पाय दुबळे होतात, रक्तात कीटोन साचून जीव धोक्यात येतो. मात्रा जास्त झाल्यास साखर घसरून झटके येतात. म्हणून पशुवैद्याने ठरवलेली मात्रा, कमी कर्बोदकांचा आहार आणि नियमित तपासणी हे पालकाचे कर्तव्यच होय. वेळेवर उपचार झाल्यास काही मांजरांचे इन्सुलिन सुटतेही. मात्र यातनाच लांबत असतील, तर सेवा प्राण्यासाठी चालली आहे की पालकाच्या आसक्तीसाठी, हे तपासणे हाही भूतदयेचाच भाग आहे.