परतीची वेळ

उंच डोंगर चढायची योजना आखताना सर्वांत आधी काय ठरवावे? बूट, दोर, शिधा, वाटाड्या अशी उत्तरे येतील. मीही तीच दिली असती. २०१८ च्या डिसेंबरात आमच्या शाळेतील नववीची बावीस मुले कळसूबाईला नेताना मला निराळे उत्तर सापडले, आणि सापडूनही मी ते पाळले नाही. त्याचाच हा हिशेब.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. हिमालयापुढे ती टेकडीच. पण निपाणीकडच्या मुलांना तेच एव्हरेस्ट. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले, ही हकिकत मी वर्गात अनेकदा सांगितली होती. त्यातूनच मुलांनी हट्ट धरला. सरावासाठी आधी येळ्ळूरचा राजहंसगड केला, मग चंदगड तालुक्यातला पारगड. गट पाडले, पाण्याच्या बाटल्या मोजल्या, औषधांची पेटी भरली.

मग संमतिपत्राची पाळी आली. आमच्याकडे काही घरांत मराठी वाचतात, काही घरांत कानडी. म्हणून पत्र दोन्ही भाषांत काढायचे होते. मी लिहिले, ‘दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून परत फिरू.’ कानडी उतारा करणाऱ्या आमच्या शिक्षकांनी विचारले, “सर, ‘परत फिरू’ लिहू, की ‘फिरण्याचा प्रयत्न करू’?” मी ठामपणे म्हणालो, “फिरू.”

विड्या वळून घर चालवणारी एक आई पत्र घेऊन शाळेत आली. म्हणाली, “वर पोचतंय का न्हाई ते ऱ्हाऊ द्या, सर. घरला कवा येतंय तेवढं सांगा.” मी तिला बाराचे वाक्य वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले आणि मग सही केली.

वाटेत बस बिघडली. पायथ्याच्या बारी गावातून निघायलाच साडेनऊ झाले. बारा वाजले तेव्हा शिखर तासाभरावर होते. ऊन लख्ख, मुले उत्साहात. बावीस चेहरे माझ्याकडे पाहत होते. मी घड्याळ बाहीखाली सारले आणि म्हणालो, “चला.”

सव्वाला देवीचे दर्शन झाले, फोटो झाले. उतरताना मात्र एका मुलाचा पाय मुरगळला. त्याला आळीपाळीने आधार देत उतरता उतरता अंधार पडला. बॅटऱ्या तीनच होत्या. बारीतले तरुण दिवे घेऊन वर आले, म्हणून साडेसातला आम्ही खाली पोहोचलो. पुढच्या आठवड्यात शाळेत आमचा सत्कार झाला. अंधाराविषयी कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही.

काही वाईट झाले नाही, म्हणून मी केले ते बरोबर ठरते का?

मे १९९६ मध्ये न्यूझीलंडचा कसलेला गिर्यारोहक रॉब हॉल आपली तुकडी घेऊन एव्हरेस्टवर गेला होता. दुपारी दोनच्या पुढे वर चढायचे नाही, हा दंडक त्यानेच घालून दिलेला. त्या दिवशी दोन उलटून गेल्यावरही तो एका सोबत्यासाठी थांबला. वादळ आले आणि निरनिराळ्या तुकड्यांतील आठ जण गेले, त्यांत तो स्वतःही. त्याच महिन्यात स्वीडनचा योरान क्रॉप उशीर झाला म्हणून शिखर अगदी जवळ असताना मागे फिरला होता. पुढे काही दिवसांनी तो शिखरावर पोहोचला. पण पोहोचला म्हणून त्याचे परतणे योग्य ठरले असे नव्हे. तो पुन्हा कधीच पोहोचला नसता, तरी ते योग्यच होते.

फळावर आपला अधिकार नाही, हे गीतेचे सांगणे आपण अपयशाच्या वेळी सांत्वन म्हणून वापरतो. यशाच्या वेळी ते आठवत नाही. फळ आपल्या हाती नसेल, तर चांगल्या फळावरून कर्म चांगले होते असेही म्हणता येत नाही. बारीतल्या तरुणांच्या दिव्यांचे श्रेय मी माझ्या निर्णयाला कसे द्यावे?

परिस्थितीप्रमाणे बेत बदलायला नको का, असे कोणी म्हणेल. जरूर बदलावा. बाराऐवजी अकराला परतायला कोणाची परवानगी लागत नाही. बाराचा एक करायचा, तर वचन ज्यांना दिले त्यांना विचारायला हवे. आणि त्या तर निपाणीत विड्या वळत बसलेल्या. परतीची वेळ पायथ्याशी ठरवायची ती याचसाठी. आठ हजार मीटरवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका मिळतो, तिथे बुद्धी चालत नाही हे समजू शकते. कळसूबाईवर हवा विरळ नव्हती. तरी माझी बुद्धी मला सोडून गेली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा सहल ठरली, तेव्हा पालकसभेत मी आधी ही सगळी हकिकत सांगितली. सभा संपल्यावर ती आई थांबली. म्हणाली, “मला ठावं हुतं. पोरानं त्याच राती सांगितलं.”

“मग बोलला का नाही, ताई?”

“तुमी सांगताय का बघत हुतो.”

आणि धाकट्याचे संमतिपत्र सही करून तिने माझ्या हातात दिले.