मतमाउलीचं गाणं

सप्टेंबरच्या 8 तारखेला येणाऱ्या मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास केजमधून एखाद-दुसरी गाडी हरेगावला निघते. बीड जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मुळातच थोडी, तरी ती गाडी भरते. हरेगाव श्रीरामपूर तालुक्यातलं, बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यानं नावारूपाला आणलेलं. कारखाना केव्हाच बंद पडला. संत तेरेजा चर्चमधली मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा मात्र वाढत गेली. आधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, मग शनिवार-रविवारी माणसांचा पूर. त्यातले सगळे काही ख्रिस्ती नसतात.

मीही गेलो आहे, शेजारच्या मावशीच्या कुटुंबाबरोबर. तिच्या सासऱ्यानं बाप्तिस्मा घेतला होता. तिचं स्वतःचं आयुष्य ऊसतोडीत गेलं. आमचं घर अंबाजोगाईच्या योगेश्वरीला मानणारं. त्यामुळे हरेगावात मला काहीच परकं वाटलं नाही. काखेत लेकरू घेतलेल्या बाया, हातात फुलं आणि मेणबत्त्या, फेडायचे नवस, उन्हात सरकणारी रांग, बाहेर पाळणे आणि भज्यांच्या गाड्या. आजारी पोराचं डोकं मूर्तीच्या पायांशी टेकवणारा बाप अंबाजोगाईत जसा दिसतो तसाच इथे दिसला.

हेच पाहून काही जण विचारतात, मग यांनी बदललं काय? हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. आपल्याकडचे म्हणतात, देवीच्या जागी दुसरी देवी ठेवली, एवढंच. प्रॉटेस्टंट बांधव म्हणतात, मूर्तीपुढे वाकणं सुटलंच नाही. कॅथलिक शिकवणीत मात्र ही सीमा स्पष्ट आखलेली आहे. आराधना एकट्या देवाची. मरियेचा सन्मान करायचा, तिला मध्यस्थी करायला सांगायचं. इ. स. 431 मध्ये एफेससच्या धर्मपरिषदेनं तिला देवमाता म्हटलं, पण देव म्हटलं नाही. शास्त्र असं असलं तरी रांगेत उभं असलेलं माणूस शास्त्र मनात घोळवत नाही. म्हणून मला तो प्रश्न टाळावासा वाटत नाही.

असा प्रश्न पहिल्यांदा केजमध्ये उठलेला नाही. 1531 साली, स्पेननं मेक्सिको जिंकल्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी, हुआन दिएगो नावाच्या तिथल्या मूळनिवासी माणसाला तेपेयाकच्या टेकडीवर सावळी मरिया दिसली आणि ती त्याच्याशी त्याच्याच नाहुआत्ल भाषेत बोलली, अशी श्रद्धा आहे. त्या टेकडीवर पूर्वी तोनान्त्सिन या मातृदेवतेचं ठाणं होतं. बर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं त्याच शतकात चिंता लिहून ठेवली की लोक मरियेच्या नावानं जुन्याच देवतेकडे येत असावेत. त्याची चिंता प्रामाणिक होती. पण जिंकल्या गेलेल्या, मोडून पडलेल्या माणसांना आपल्या रंगाची, आपल्या बोलीत धीर देणारी आई मिळाली, हे त्याला पुरेसं मोठं वाटलं नाही.

आपल्याकडे याहून गुंतागुंतीची गोष्ट आहे. इंग्लंडमधून 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सनं येशूची आणि त्याच्या आईची कथा मराठी ओव्यांत मांडली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ते ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं. एक परका माणूस आपल्या भाषेत इतका खोल उतरला, याचा मला मनापासून आदर वाटतो. पण त्याच गोव्यात देवळं पाडली गेली आणि 1560 पासून इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, धाक होता, हेही त्याच वाक्याला जोडून म्हटलं पाहिजे. ओवी आणि धाक एकाच राज्यात नांदत होते. आणि तरीही गोव्यातल्याच म्हापशाला लोकांनी आपला मार्ग काढला. शिरगावची लईराई आणि तिच्या बहिणी अशी सात बहिणींची कथा तिथे सांगतात; त्यातली मिराबाई ख्रिस्ती झाली, तीच म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण. तिच्या फेस्ताला हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही तेल वाहतात. धर्म बदलला म्हणून बहीण तुटली नाही. ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी ही कथा जपली असेल, असा विचार आला की मला त्या लोकांच्या मनाच्या ऐसपैसपणापुढे नम्र व्हावंसं वाटतं.

हरेगावच्या भागातलं, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं, धर्मांतर वेगळं. तिथे तलवार नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट धर्मगुरू खेडोपाडी फिरू लागले. अमेरिकन मराठी मिशन तर त्याआधीपासून होतं. दुष्काळाची वर्षं होती, आणि गावकुसाबाहेरची महार-मांग माणसं मोठ्या संख्येनं त्यांच्याकडे गेली. भाकरीसाठी धर्म सोडला, असा टोमणा त्यांच्या चौथ्या पिढीलाही ऐकावा लागतो. मला हा टोमणा कधीच पटला नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कुणी हातावर भाकरी ठेवली नाही, वरूनच टाकली, त्याला हातात भाकरी आणि पोराच्या हातात पाटी देणारं कुणी भेटलं, तर त्या देण्याचा अर्थ तो पोटानं घेईल तसा मनानंही घेईल. भुकेल्याच्या निर्णयाला निर्णय न मानणं हा पोट भरलेल्यांचा उद्धटपणा आहे.

तर मग बदललं काय? उत्तर मला मावशीच्या घरी मिळालं. संध्याकाळी तिच्याकडे जपमाळ होते, आणि त्यानंतर तिची नात लूकच्या शुभवर्तमानातलं मरियेचं गाणं म्हणते. चर्चच्या सायंप्रार्थनेत हे गाणं रोज असतं. नाझरेथसारख्या आडगावातली, पदरी काही नसलेली ही मुलगी गर्भारपणात तोंड उघडते आणि म्हणते की देवानं सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि श्रीमंतांना रित्या हातांनी लावून दिलं. वर्षानुवर्षं दिवेलागणीला हे म्हणणाऱ्या घराच्या मनात काय रुजत असेल!

मावशी मला एकदा म्हणाली, "सर, पयल्यांदा आम्ही नवसालाच जायचो. सासूनं सांगितलं म्हणून. मग कळाया लागलं, ती आपल्यासारखीच हाय. नावं लिवायला परगावी गेली अन्‌ गोठ्यात बाळंत झाली. आमच्या बाया न्हाई का फडात होत?"

या वाक्याचं वजन केजमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावं रिकामी होतात, जोडप्यानं कोयता धरायचा म्हणून बाईला पोटुशी असतानाही जावं लागतं. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या बायांसाठी गोठ्यातलं बाळंतपण ही नाताळात मांडायची आरास नाही. देवाची आई आपल्या ओळखीच्या कष्टातून गेली, हे त्यांना नवं मिळालं. योगेश्वरीपुढे मीही आई म्हणून उभा राहतो, पण तिच्याकडून मी रक्षण मागतो. ती माझ्यासारखं उपाशी राहिली असेल असं माझ्या कधी मनात आलं नाही. जुन्या वाटेनंच ही माणसं मरियेकडे आली, नवस तोच, रांग तीच. त्या गाण्यापाशी पोचल्यावर मात्र ती वेगळी झाली. मला वाटतं खरं धर्मांतर तिथे झालं, सासऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर दोन पिढ्यांनी.

त्याची किंमतही आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले गेले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. गावानं मात्र त्यांची जात कधी पुसली नाही. म्हणून पुष्कळ जण देवळात एक आणि दाखल्यावर एक असे जगतात. मी त्यांना दोष देणार नाही. ज्या कायद्यानं खरं सांगण्यावर दंड लावला, तो बदलला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशीच्या नातीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला त्या दोघी माझ्याकडे आल्या, तेव्हा धर्माच्या रकान्यावर माझा पेन थांबला. काय लिहिल्यानं काय जाईल ते मी दोघींना नीट समजावून सांगितलं. मावशीनं नातीकडे पाहिलं. पोरगी म्हणाली, "सर, ख्रिश्चन लिहा. मार्क आहेत मला." मी लिहिलं, आणि इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी कोणकोणती कागदपत्रं लागतील त्याची यादी करायला बसलो.