शेवटच्या पाटीवरचा माणूस

संक्रांतीच्या दिवशी कुणाला वाईट बोलू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक. २०१८ साली १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीच्या रविवारी, तो दंडक न्यू जर्सीत माझ्या भाच्याच्या घरी मोडला गेला; आणि मोडणाऱ्यांत, सांगायला संकोच वाटतो, मीही होतो. मध्ये तिळाच्या वड्यांचे ताट, भोवती आम्ही सगळे, आणि सगळ्यांच्या तोंडी एका एकवीस वर्षांच्या मुलाचा उद्धार! तो मुलगा आमच्या नात्यातला नव्हे, की गावातला नव्हे. हजारएक मैलांवर, मिनियापोलिसच्या छप्पर घातलेल्या मैदानात तो खेळत होता आणि त्याच्या हातून एक माणूस निसटला होता. एवढाच त्याचा गुन्हा.

खेळ होता अमेरिकेचा फुटबॉल. नाव फुटबॉल, पण त्यात पायाचा संबंध थोडा आणि हातांचा फार. भाच्याचे शिक्षण न्यू ऑर्लिन्सला झाले, म्हणून तिथला ‘सेंट्स’ हा संघ त्याने आपला मानलेला. आणि भाच्याचा संघ तोच पाहुण्या मामाचा. पहिला तासभर मला तो खेळ म्हणजे एका चेंडूवर रचलेला बावीस पैलवानांचा ढीग वाटला. मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, ढिगाकडे पाहू नका. ढीग व्हायच्या आधी काय ठरलं होतं, ते पाहा.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. या खेळात प्रत्येक डाव सुरू होण्यापूर्वी ठरतो. कडेला उभा असलेला प्रशिक्षक डावाचे नाव सांगतो. १९९४ पासून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात बिनतारी यंत्र असते आणि २००८ पासून बचाव करणाऱ्यांपैकीही एकाच्या कानात तसाच आवाज येतो. डाव सुरू करण्याच्या मुदतीतले पंधरा सेकंद उरले, की तो आवाज बंद होतो. मग पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. मला तर हे आयुष्याचेच वर्णन वाटले. पण तो विषय वेगळा.

बचावाच्या पद्धती मुख्यतः दोन. एकीत प्रत्येकाला एक माणूस नेमून दिलेला असतो; तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचे. हा आपला खो-खो. दुसरीत प्रत्येकाला मैदानाचा एक तुकडा नेमून दिलेला असतो. आपल्या तुकड्यात जो येईल त्याला अडवायचे आणि बाहेर गेला की शेजाऱ्याच्या स्वाधीन करायचे. या आपल्या आट्यापाट्या. ज्याने लहानपणी पाटी धरली आहे त्याला ही दुसरी पद्धत समजावून सांगायला नको. खेळाडू सुटतो तो बहुधा दोन पाट्यांमधल्या जागेतून, आणि मग दोन्ही पाटीवाले एकमेकांकडे पाहतात. अगदी मागे कितीजण ठेवले आहेत त्यावरून ‘कव्हर वन’, ‘कव्हर टू’ अशी नावे असतात. या मागे उभ्या असणाऱ्यांना सेफ्टी म्हणतात. पुढच्या दहा जणांची चूक सेफ्टी झाकतो. सेफ्टीची चूक झाकायला मागे कोणी नसते.

त्या रविवारी शेवटचे दहा सेकंद उरले होते. सेंट्स २४, मिनेसोटाचे ‘व्हायकिंग्ज’ २३. व्हायकिंग्ज आपल्याच ३९ यार्डांच्या रेघेवर. खेळ थांबवण्याची सवलत संपलेली. लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण मिळवायचे, तर आधी निदान वीस-पंचवीस यार्ड पुढे जायला हवे, आणि चेंडू घेणाऱ्याने लगेच कडेच्या रेघेबाहेर उडी मारायला हवी, म्हणजे घड्याळ थांबेल. तो मैदानात पकडला गेला तर खेळ खलास. म्हणून व्हायकिंग्जनी तीन माणसे उजव्या कडेकडे, पण वेगवेगळ्या अंतरांवर पाठवली. केस कीनमने चेंडू फेकला, स्टेफॉन डिग्जने उंच उडी घेऊन तो झेलला. मागचा सेफ्टी मार्कस विल्यम्स धावत आला, मान खाली घालून वाकला, आणि डिग्जच्या पायांखालून निघून गेला. जाता जाता त्याचा धक्का आपल्याच एका साथीदाराला बसला आणि तोही बाजूला झाला. डिग्जने एक हात टेकून तोल सावरला, मागे पाहिले, तर रान मोकळे! ६१ यार्डांचा टचडाउन. २९ विरुद्ध २४.

आमच्या घरात प्रथम शांतता पसरली. मग भाचा ओरडला, सूनबाई ओरडली, बारा वर्षांचा नातू रडू लागला. आणि ज्याला दोन तासांपूर्वी खेळाचा ओ की ठो कळत नव्हता तो मीही म्हणालो, “अरे, एवढं साधं! नुसती मिठी मारली असती तरी झालं असतं!” अज्ञान आणि निवाडा यांची एवढी गाढ मैत्री मी दुसरीकडे फारशी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा चित्रफीत घेऊन बसला. २०१२ पासून तिथे सामान्य प्रेक्षकांनाही उंचावरून घेतलेले असे चित्रण पाहायला मिळू लागले, ज्यात बावीसच्या बावीस खेळाडू एकदम दिसतात. भाच्याने तो डाव पुढे-मागे करून वीस वेळा तरी पाहिला असेल. मी शेजारी. हळूहळू विल्यम्सची घाई वेगळी दिसू लागली. चेंडू हवेत असताना त्याने डिग्जला धक्का दिला असता, तर नियमभंग ठरून व्हायकिंग्जना चेंडू तिथेच मिळाला असता आणि वर घड्याळही थांबले असते. म्हणजे लवकर पोचणे हे पाप, आणि न पोचणे हे महापाप. एक चूक टाळण्याच्या काळजीत माणूस दुसरीत कसा पडतो हे त्या एका उडीत दिसत होते. शिवाय तीन माणसे कडेला धावत असता इतर पाटीवाले कुठे होते? याच मुलाने त्याच सामन्यात व्हायकिंग्जचा एक चेंडू पळवून संघाला पुन्हा उभे केले होते, ते रात्री कोणाच्या लक्षात राहिले?

“पण त्याला सांगितलं काय होतं?” मी विचारले.

भाचा हसला. “तेच तर या फितीत नाही, मामा. बावीस माणसं दिसतात, शब्द एकही ऐकू येत नाही. कोणी कोणती जागा राखायची होती, हे आपण अंदाजाने ठरवतो. आणि चेंडूच्या सर्वांत जवळ जो दिसतो, त्याच्या नावावर चूक लिहितो.”

मी वडी हातातच धरून बसलो. कारण असा एक अंदाज मी पूर्वी कागदावर लिहिला आहे, आणि त्याखाली सहीही केली आहे.

मी एका बँकेत नोकरी केली. १९८४ साली आमच्या शाखेत एका संध्याकाळी रोकड जुळेना. अठराशे रुपये कमी. शोधता शोधता पैसे काढण्याची एक पावती सापडली. अक्षरांत ‘दोनशे’, पण आकड्यावर वरच्या सहीचा फाटा असा काही गेला होता, की तो दोन हजार दिसावा. कारकुनाने पावती वहीत नोंदली, अधिकाऱ्याने मंजूर केली, रोखपालाने दोन हजार दिले. आम्हा तिघांची चौकशी समिती नेमली गेली. अहवाल लिहिला मी. माझे अक्षर चांगले आणि भाषाही बरी, असा लौकिक होता. मी लिहिले : ‘रक्कम प्रत्यक्ष ज्याच्या हातून गेली, त्याने अक्षरी आकडा पाहणे आवश्यक होते.’ वाक्यात खोटे काहीच नव्हते. रोखपाल दोन वर्षांच्या नोकरीचा पोरगा होता. आम्ही त्याला बोलावले, तेव्हा तो उभाच राहिला आणि म्हणाला, “चूक माझीच आहे, साहेब.” मी तेही लिहून घेतले, पुरावा म्हणून. त्याच्या पगारातून अठराशे रुपये कापले गेले आणि एक वेतनवाढ रोखली गेली.

त्या दिवशी दुसरी खिडकी बंद ठेवण्याचा हुकूम कुणी दिला होता, तीनच्या आत रांग संपव असे त्याला कुणी बजावले होते, हे आम्ही विचारलेच नाही. ती मंजुरीची सही ज्याची होती तो माझा रोजचा चहाचा सोबती होता, हेही मी येथे लिहून टाकतो. अहवालात लिहिले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, असे मागे मागे जायचे ठरवले तर जगात अपराधी उरणारच नाही. पाटीवाला म्हणेल शेजाऱ्याने सोडले, शेजारी म्हणेल प्रशिक्षकाने सांगितले, आणि अखेरीस सगळा दोष ब्रह्मदेवाच्या खात्यावर. ही शंका मला खरी वाटते. विल्यम्सच्या हातून डिग्ज निसटला, ही गोष्ट कितीही कारणे दिली तरी पुसली जात नाही. आणि पुसायचा प्रयत्न त्याने स्वतःही केला नाही. सामन्यानंतर वार्ताहरांसमोर त्याने दोष आपल्यावर घेतला. तो डाव वाचवणे माझे काम होते, अशाच अर्थाचे तो बोलला.

मग आम्ही वेगळे काय म्हणत होतो? तो म्हणाला, चूक माझी. आम्ही म्हणालो, चूक त्याची. व्याकरणाच्या दृष्टीने फरक फक्त सर्वनामाचा. पण पहिले वाक्य बोलणाऱ्याला आपल्याला काय सांगितले होते, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, हे ठाऊक असते. दुसरे बोलणाऱ्याला केवळ फीत दिसते. आणखीही एक आहे. पहिले वाक्य बोलणाऱ्याचे त्यात काहीतरी जाते. दुसरे बोलणाऱ्याचे काही जात नाही, उलट हलके वाटते. म्हणून तेच वाक्य त्याच्या तोंडी खरे आणि आमच्या तोंडी खोटे, असे होऊ शकते काय? तर्कशास्त्र शिकवणारे माझे जुने गुरुजी हे ऐकून खडू फेकून मारतील. पण मला तसे वाटते खरे.

श्रेयाचीही हीच तऱ्हा. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटलचा संघ विजयापासून एक यार्डावर होता, २६ सेकंद उरले होते, आणि त्यांनी पळत घुसण्याऐवजी चेंडू फेकला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने झडप घालून तो पळवला. बटलर नवखा, निवडीत कोणी त्याला घेतलेही नव्हते, एकेकाळी तळलेल्या कोंबडीच्या दुकानात त्याने काम केलेले. रातोरात त्याचे नाव घरोघर झाले. ते योग्यच. पण फीत नीट पाहिली, तर त्याच्या पुढे ब्रँडन ब्राउनर उभा दिसतो. त्याने समोरच्या गड्याला जागच्या जागी रोखून धरले, म्हणूनच बटलरला वाट मोकळी मिळाली. आणि आठवड्यापूर्वीच्या सरावात याच डावात बटलर फसला होता. ती फजिती झाली नसती तर ही झडप बसली असती की नाही, कोण जाणे! सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी मात्र तो निर्णय आपला होता असे सांगून दोष स्वतःकडे घेतला. वरचा माणूस ‘माझे’ म्हणतो तेव्हा दोषाचे खाली घरंगळणे थांबते. खालचा म्हणतो तेव्हा वरच्या साऱ्यांना सुटल्यासारखे वाटते. त्या पोराने “चूक माझीच” म्हटले, तेव्हा आम्हा तिघांनाही किती बरे वाटले होते! लगेच चहा मागवला होता, तेही आठवते.

विल्यम्स पुढेही खेळत राहिला. सेंट्सकडे आणखी काही वर्षे, मग २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या संघात, पाच वर्षांच्या मोठ्या करारावर. त्याची काळजी करण्याचे मला कारण नाही.

अमेरिकेहून परतल्यावर पुढच्याच वर्षी साताऱ्याला एका लग्नात तो रोखपाल भेटला. आता पोरगा कसला. केस पिकलेले, तोही निवृत्त. पंगतीत नेमका शेजारच्या पाटावर आला. मीच विषय काढला. म्हणालो, “त्या अहवालात मी अर्धेच लिहिले. वरच्या दोन सह्या आधी बघायला हव्या होत्या. चूक माझी होती.”

“छे, छे, साहेब,” तो म्हणाला, “अक्षरी रक्कम मी वाचायलाच हवी होती. चूक माझीच.”

“अहो, पण तुम्हाला त्या दिवशी काय सांगितले होते, ते आम्ही विचारले का?”

“सांगितलं काहीही असो. पैसे माझ्या हातून गेले ना!”

मी पुन्हा माझे म्हणणे मांडले, त्याने पुन्हा त्याचे. दोघेही आपापल्या वाक्यावर अडून बसलो. एवढ्यात वाढपी जिलब्यांचे ताट घेऊन समोर उभा राहिला आणि आम्ही दोघांनीही एकदम पानावर हात आडवा धरला. त्याने आमच्या हातांकडे दुर्लक्ष करून दोघांनाही दोन दोन वाढल्या.